डोमेन नाव नफा घेऊन विकता येते काय?

एप्रिल २००५ मधील ही गोष्ट आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निधनाने अवघे जग हळहळत होते. नवे पोप कोण होणार आणि ते कोणते नाव धारण करणार, याविषयी सर्वत्र तर्क चालले होते. त्याच दिवसांत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका लेखकाने संभाव्य पोपनामांचा अंदाज बांधून तशी अनेक ‘डॉट कॉम’ नावे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवली. १९ एप्रिल रोजी कार्डिनल रात्झिंगर यांची निवड झाली आणि त्यांनी बेनेडिक्ट सोळावे हे नाव घेतले. ते नाव त्या लेखकाच्या हाती आधीच आलेले होते. जुगाराच्या किंवा अश्लील व्यवसायाच्या मालकांनी त्यासाठी भरघोस किंमत सहज मोजली असती. परंतु त्या गृहस्थांनी हा सौदा केला नाही. त्या पत्त्यावर येणाऱ्या वाचकांना त्यांनी गरजूंना साहाय्य करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेकडे वळवले.

ही घटना आम्ही येथे त्या गृहस्थांच्या कौतुकासाठी सांगत नाही. तिच्यातून जो प्रश्न उभा राहतो तो महत्त्वाचा आहे. काही डॉलर भरून घेतलेले एखादे नाव दुसऱ्याला हजारपट किमतीला विकण्यास नियमांची आडकाठी आहे की नाही? आज आपल्या शाळा, पतसंस्था, रुग्णालये, युवक मंडळे व नियतकालिके यांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. ज्या नावाने लोक आपल्याला ओळखतात तेच नाव उद्या दुसऱ्या कुणी नोंदवून आपल्याकडे पैसे मागितले, तर आपली बाजू किती भक्कम आहे, हे संस्थाचालकांनी जाणून घेतले पाहिजे. म्हणून या विषयाची थोडी विस्ताराने मांडणी करीत आहोत.

नाव विकत मिळत नाही, मुदतीने मिळते

‘आम्ही डोमेन नाव विकत घेतले’ असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक ते विकत मिळतच नाही. डोमेन नाव म्हणजे ठराविक मुदतीपुरता मिळालेला वापराचा हक्क होय. डॉट कॉमच्या बाबतीत ही मुदत एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. शुल्क भरून ती वाढवत राहिली पाहिजे; शुल्क थांबले की हक्कही संपतो.

या व्यवस्थेचे चार स्तर आहेत. सर्वांच्या वर ‘आयकॅन’ ही १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली, नफा न कमावणारी संस्था आहे. तिच्या खाली प्रत्येक प्रत्ययाची एकेक रजिस्ट्री असते. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही कंपनी चालवते, तर भारताच्या ‘डॉट इन’ची जबाबदारी ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. ज्यांच्याकडे आपण प्रत्यक्ष पैसे भरतो ते रजिस्ट्रार तिसऱ्या स्तरावर येतात आणि शेवटी येतो तो आपण, म्हणजे नोंदणीधारक.

आपल्याकडील उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. गावचे जमिनीचे दप्तर तलाठ्याकडे असते आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव लागलेले असते त्याचा हक्क मानला जातो. तसेच रजिस्ट्रीच्या दप्तरात ज्याचे नाव असेल तोच त्या डोमेन नावाचा धारक. मात्र हा सातबारा मालकीचा नसून भाडेपट्ट्याचा आहे. मुंबईत पागडीच्या खोलीचा भाडेकरू खोलीचा मालक नसतो, तरीही आपला हक्क दुसऱ्याला देताना तो घसघशीत रक्कम घेतो. डोमेन नावाच्या फेरविक्रीचे स्वरूप बरेचसे असेच आहे.

नफ्यावर बंदी नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा खुल्या प्रत्ययांच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. नाव दुसऱ्याच्या नावावर करून देण्यास परवानगी आहे आणि त्यासाठी किती पैसे घ्यावेत यावर कोणतेही बंधन नाही. आयकॅनचे हस्तांतराचे धोरण कार्यपद्धतीपुरते बोलते. धारकाची संमती हवी, ओळख पटली पाहिजे, नव्याने नोंदलेले नाव लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, अशा प्रकारच्या त्या अटी आहेत. किमतीविषयी ते धोरण मौन पाळते.

रजिस्ट्रार आणि आयकॅन यांच्यातील करारात मात्र एक लक्षणीय कलम आहे. रजिस्ट्रारांनी नावांचा साठा करणे किंवा त्यांची सट्टेबाजी करणे यांवर आयकॅनने निर्बंध घालणारे धोरण स्वीकारल्यास ते रजिस्ट्रारांना पाळावे लागेल, असे त्यात म्हटले आहे. परंतु असे धोरण आयकॅनने कधी स्वीकारलेच नाही. दाराला कडी बसवलेली आहे, पण ती कधीच लावली गेली नाही, असा हा प्रकार आहे. शिवाय हे कलम रजिस्ट्रारांपुरते आहे, सामान्य धारकाला ते लागू नाही.

त्यामुळे या व्यापाराने मोठे रूप धारण केले. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरना विकले गेले. ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरना गेले. दुसरीकडे डॉट कॉम नावासाठी रजिस्ट्री रजिस्ट्रारकडून घेत असलेले वार्षिक शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाले. या दोन आकड्यांतील अंतर पाहिले म्हणजे लोक या व्यवसायाकडे का ओढले जातात हे वेगळे सांगावे लागत नाही.

आयकॅनने हस्तक्षेप केलाच नाही, असेही म्हणता येणार नाही. नाव नोंदवल्यावर पाच दिवसांत ते रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याची सवलत होती. तिचा फायदा घेऊन काही व्यापारी लाखो नावे नोंदवीत, कोणत्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळतात ते पाहत आणि उरलेली पाचव्या दिवशी परत करीत. २००८ व २००९ मध्ये आयकॅनने या सवलतीवर मर्यादा घातली. त्यानंतर अशा परतीचे प्रमाण ९९.७ टक्क्यांनी घटल्याचे आयकॅनने जाहीर केले. येथेही मनाई झाली ती फुकटच्या चाचपणीला. नफ्याने विकण्याला झाली नाही.

मर्यादा कोठे येते?

मग हा व्यवहार सर्वस्वी मोकाट आहे काय? नाही. नियमांनी नफ्याला हात लावलेला नाही. परंतु दुसऱ्याच्या नावलौकिकाला वेठीस धरून मिळवलेल्या नफ्याला त्यांनी अटकाव केला आहे. या संपूर्ण विषयाचे मर्म एवढ्या एका भेदात आहे.

१९९९ मध्ये आयकॅनने नावांच्या तंट्यांसाठी एकसमान धोरण स्वीकारले. नाव नोंदवताना प्रत्येक धारक, त्याने करारनामा वाचलेला असो वा नसो, या धोरणाला बांधला जातो. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, वादातील नाव त्याच्या व्यापारचिन्हाशी एकरूप किंवा गोंधळ व्हावा इतके सारखे आहे. दुसरी, धारकाचा त्या नावावर कोणताही न्याय्य हक्क वा हितसंबंध नाही. तिसरी, नाव दुष्ट हेतूने नोंदवले व वापरले गेले आहे. दुष्ट हेतूची जी उदाहरणे धोरणात दिली आहेत त्यांतील पहिलेच फेरविक्रीचे आहे. व्यापारचिन्हाच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला, प्रत्यक्ष झालेल्या खर्चाहून अधिक मोबदल्यात विकावे याच मुख्य उद्देशाने नाव नोंदवले असेल, तर तो दुष्ट हेतूचा पुरावा समजला जातो.

या धोरणाखाली निकाली निघालेला पहिला तंटा अगदी याच स्वरूपाचा होता. कॅलिफोर्नियातील एका इसमाने ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ या कुस्तीसंस्थेचे नाव नोंदवले आणि तीनच दिवसांत त्या संस्थेला पत्र पाठवून ते एक हजार डॉलरना देऊ केले. जानेवारी २००० मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने नेमलेल्या लवादाने ते नाव संस्थेला देण्याचा आदेश दिला. मागितलेली रक्कम मोठी नव्हती. परंतु नाव कोणासाठी अडवले होते हे स्पष्ट होते आणि निर्णयाला तेवढे पुरेसे ठरले.

त्याआधी १९९८ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने पॅनाव्हिजन या चित्रीकरण साहित्याच्या कंपनीच्या बाजूने असाच निवाडा दिला होता. तेथे नाव अडवणाऱ्याने १३ हजार डॉलर मागितले होते. पुढे १९९९ च्या अखेरीस अमेरिकेने स्वतंत्र कायदा केला आणि अशा प्रत्येक नावामागे १ हजार ते १ लाख डॉलरपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. आयकॅनच्या लवादाला मात्र भरपाई देववता येत नाही. नाव रद्द करणे किंवा तक्रारदाराच्या स्वाधीन करणे, एवढेच त्याच्या हाती असते.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘व्यवसाय’, ‘आवाज’, ‘आंबा’ यांसारखे भाषेतील सामान्य शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात. असा शब्द आधी नोंदवून नंतर चढ्या भावाने विकणाऱ्याला लवादांनी वारंवार निर्दोष ठरवले आहे. उलट एखादी बलाढ्य कंपनी खोट्या तक्रारीने दुसऱ्याचे नाव बळकावू पाहत असेल, तर तसा स्पष्ट ठपका तिच्यावर ठेवण्याची तरतूदही नियमांत आहे. दुर्बळाला दोन्ही बाजूंनी संरक्षण मिळावे, हा त्यामागील उद्देश आहे.

भारतातील स्थिती

डोमेन नावे बळकावण्याविरुद्ध भारतात अद्याप स्वतंत्र कायदा नाही. आपल्या न्यायालयांनी व्यापारचिन्हांच्या प्रचलित कायद्यातूनच मार्ग काढला आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या खटल्यात एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या ‘रॅडिफ’ या नावास मनाई केली आणि डोमेन नाव हे केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून त्याहून अधिक काही आहे, असे मत नोंदवले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा दिला.

डॉट इन नावांची नोंदणी २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्या वेळी आरंभीचा काही काळ व्यापारचिन्हांच्या मालकांसाठी राखून ठेवण्यात आला होता. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सीचे स्वतंत्र धोरण आहे आणि खर्चाहून अधिक किमतीला मूळ नामधारकास विकण्याचा उद्देश तेथेही दुष्ट हेतू मानला जातो. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. आयकॅनच्या धोरणात नोंदणी आणि वापर हे दोन्ही दुष्ट हेतूने झाल्याचे दाखवावे लागते. डॉट इनच्या धोरणात त्यांपैकी एक दाखवले तरी चालते.

२०२४ मधील एक प्रकरण अनेकांच्या स्मरणात असेल. जिओ आणि हॉटस्टार यांचे एकत्रीकरण होणार असा अंदाज बांधून दिल्लीतील एका तरुणाने दोहोंचे जोडनाव डॉट कॉममध्ये आधीच नोंदवले होते. केंब्रिज येथील शिक्षणाचा खर्च कंपनीने द्यावा, म्हणजे नाव देतो, अशी विनंती त्याने जाहीरपणे केली. कंपनीने ती नाकारली. पुढे ते नाव दुबईतील दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामोबदला देऊ केले. त्या तरुणाविषयी अनेकांना सहानुभूती वाटली आणि शिकण्याची त्याची ओढ खरीही असेल. तथापि नियमांच्या दृष्टीने त्याची बाजू दुबळी होती, कारण जोडनावातील दोन्ही शब्द दुसऱ्यांच्या नावलौकिकावर उभे होते. हेतू सोज्वळ असला म्हणून दुसऱ्याच्या नावावर हक्क प्राप्त होत नाही.

प्रत्येक रजिस्ट्रीचा नियम वेगळा

येथवर सांगितले ते खुल्या प्रत्ययांविषयी. काही रजिस्ट्रींनी फेरविक्रीचे दार मुळातच बंद ठेवले आहे किंवा जेमतेम किलकिले केले आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘डॉट एयू’मध्ये २००८ पर्यंत नावे विकण्यास मुभाच नव्हती. त्यानंतर विक्रीला परवानगी मिळाली, परंतु केवळ पुन्हा विकण्यासाठी नाव नोंदवू नये हे बंधन कायम राहिले. अमेरिकी उच्च शिक्षणसंस्थांना मिळणारे ‘डॉट एज्यू’ नाव विकताच येत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला, तो ग्राहकांची फसवणूक टळावी म्हणून. तेथे बँकेखेरीज कुणालाही नाव मिळत नाही. ‘डॉट कॅथॉलिक’ हा प्रत्यय परमगुरुपीठाच्या अखत्यारीत असून तो ख्रिस्तसभेच्या मान्यताप्राप्त संस्थांपुरताच मर्यादित आहे. तेथील नावे बाजारात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून ‘नियम काय सांगतो?’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या प्रत्ययाचा नियम?’ असे विचारणे आवश्यक आहे.

लहान संस्थांचे नुकसान कोठे होते?

आमच्या मते लहान संस्थांना खरा धोका चतुर सट्टेबाजापेक्षा स्वतःच्या विस्मरणाचा अधिक आहे. समजा, एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याने उत्साहाने संकेतस्थळ तयार केले आणि नाव स्वतःच्या वैयक्तिक खात्यातून नोंदवले. पुढे तो परदेशी गेला, त्याचा ईमेल पत्ता बदलला. मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक सूचना देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. पण त्या सूचना गेल्या बंद पडलेल्या पत्त्यावर. मुदत संपते. अनेक रजिस्ट्रार असे नाव लिलावात काढतात. तसे न झाल्यास ते रद्द होऊन ३० दिवस सोडवणुकीच्या अवस्थेत राहते. त्या काळात जादा दंड भरून ते परत मिळते. त्यानंतर आणखी पाच दिवसांनी ते कुणालाही घेण्यास मोकळे होते.

असे मोकळे झालेले नाव दुसऱ्याने घेतले आणि पन्नास हजार रुपये मागितले, तर शाळेने काय करावे? येथे एक कटू सत्य सांगावे लागते. संत झेवियर, संत जोसेफ, होली क्रॉस ही नावे धारण करणाऱ्या असंख्य शाळा जगभर आहेत. त्यामुळे ‘हे नाव आमचेच’ असे लवादापुढे सिद्ध करणे फार अवघड जाते. शिवाय जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक सदस्याच्या लवादाचे शुल्कच १५०० डॉलर आहे. वर्षाकाठी हजार-बाराशे रुपयांत टिकले असते ते नाव मिळवण्यासाठी लाखाहून अधिक खर्च करावा लागतो आणि तरीही यशाची खात्री नाही. तेवढ्यात त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकू लागली, तर पालकांना द्यावयाच्या स्पष्टीकरणाला किंमतच नाही.

संस्थाचालकांनी काय करावे?

१. डोमेन नाव संस्थेच्याच नावावर असावे. संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या, शिक्षकाच्या किंवा धर्मगुरूंच्या वैयक्तिक नावावर ते असू नये. बदली झाली की नावही त्यांच्यासोबत जाण्याचा संभव असतो.

२. नोंदणीसाठी संस्थेचा कायमचा ईमेल पत्ता द्यावा आणि तो नियमित उघडून पाहिला जाईल अशी व्यवस्था करावी.

३. शक्य असल्यास एकदम अनेक वर्षांचे शुल्क भरावे. मुदतीची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावी. इमारतीच्या विम्याची तारीख आपण जशी सांभाळतो तशीच हीही सांभाळावी.

४. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसोबत डॉट इन नावही घेऊन ठेवावे. संस्थेच्या देवनागरी नावासाठी ‘डॉट भारत’ हा प्रत्यय २०१४ पासून उपलब्ध आहे, त्याचाही विचार करावा.

५. कुणी नाव विकण्याची तयारी दाखवल्यास घाईने उत्तर देऊ नये. आधी आलेली पत्रे जपून ठेवावीत, कारण तंट्यात तीच पुरावा ठरतात. नाव विकत घेण्याचेच ठरले, तर रक्कम विश्वासार्ह तिऱ्हाइताकडे ठेवून नाव हाती आल्यावरच ती विक्रेत्याला मिळेल अशी योजना करावी.

६. आपल्याकडे एखादे वापरात नसलेले नाव असेल आणि दुसऱ्या संस्थेला त्याची खरोखर गरज असेल, तर झालेला खर्च घेऊन ते देऊन टाकावे. नियम दुष्ट हेतू ठरवताना हीच सीमारेषा मानतो, हे आपण वर पाहिलेच आहे.

शेवटी

डोमेन नाव नफ्याने विकणे हा अपराध नाही आणि तसा व्यापार करणारा प्रत्येक जण लबाड असतो असेही नाही. ओसाड जमीन आधी ओळखून घेणाऱ्याला तिचा भाव वाढल्यावर लाभ होतो, तसाच येथेही होतो. परंतु शेजाऱ्याच्या घराच्या दारात आडवे बसून आत जाण्याचे पैसे मागणे याला व्यापार म्हणत नाहीत. नियमकर्त्यांनी या दोहोंतील भेद ओळखला, हे समाधानकारक आहे.

असे असले तरी नियमांचे संरक्षण उशिरा पोहोचते आणि महागही पडते. नावलौकिक मिळवायला संस्थेला पन्नास वर्षे लागतात आणि त्या नावाचा पत्ता हातून जायला एक चुकलेली तारीख पुरते. वाचकहो, आपल्या संस्थेचे डोमेन नाव कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढे आजच विचारून घ्या. उत्तर चटकन मिळाले तर उत्तमच. मिळाले नाही, तर कामाला कोठून सुरुवात करायची हे आपल्याला कळले असे समजावे.